कात्रीने पश्चात्ताप होत नाही

गेल्या नाताळच्या सुटीत पोटमाळ्यावरची आवराआवर करताना आम्हाला एका खोक्यात तीन तबकड्यांचा एक संच सापडला. वॉल्ट डिस्ने यांच्या 'फँटेशिया' या चित्रपटाचा, २००० साली निघालेला तो डीव्हीडी संच होता. परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या एका भाच्याने तो कधीकाळी भेट दिला होता आणि आम्ही तो न उघडताच ठेवून दिला होता. न उघडण्याचे कारण सांगताना आज संकोच वाटतो. कार्टून आहे, नातवंडे झाली की पाहू, असे आम्ही मनाशी म्हटले होते. आता नातवंडे झाली आहेत आणि घरातला जुना प्लेअर अजून चालतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सारे घर दूरदर्शन संचासमोर बसले.

चित्रपट आम्हाला अगदीच अनोळखी नव्हता. १९९१ साली तो प्रथम व्हिडिओ कॅसेटवर विक्रीस आला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी आखातातून रजेवर आलेल्या एका शेजाऱ्याने ती कॅसेट आणली होती. एका खोलीत दाटीवाटीने बसलेली वीस-पंचवीस माणसे, एकमेकांत मिसळलेले रंग आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज! त्यातले आमच्या स्मरणात एवढेच राहिले होते: बादल्या भरभरून पाणी वाहणाऱ्या झाडूंना आवरू न शकणारा मिकी माऊस, आणि डोंगरमाथ्यावर पंख पसरणारा सैतान. तबकडीने आम्हाला हा चित्रपट पहिल्यांदाच दाखवला, असे म्हटले तरी चालेल. आणि त्याच तबकडीने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. तो वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी चित्रपटाविषयी. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये 'फँटेशिया'चा पहिला खेळ झाला. त्यात सलग कथा नाही, संवादही जवळजवळ नाहीत. बाख, चायकोव्स्की, ड्युका, स्ट्राविन्स्की, बीथोवन, पोंकिएली, मुसोर्ग्स्की आणि शुबर्ट या आठ संगीतकारांच्या आठ रचना एकामागून एक वाजतात आणि चित्रे त्या स्वरांच्या मागे चालतात. लिओपोल्ड स्टोकोव्स्की हे संचालक, बहुतेक वादन फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे. प्रत्येक रचनेपूर्वी डीम्स टेलर हे संगीतसमीक्षक पुढे येऊन चार शब्द सांगतात. प्रेक्षकाच्या चहूबाजूंनी नाद यावा म्हणून 'फँटासाउंड' नावाची खास ध्वनियोजना त्या काळी तयार करण्यात आली. ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच शहरांतील चित्रपटगृहांत बसवता आली. स्ट्राविन्स्कीच्या रचनेवर पृथ्वीच्या जन्मापासून डायनोसॉरच्या नाशापर्यंतचा इतिहास चितारण्याचे धाडस करणाऱ्या या कलावंतांना पोरखेळ करायचा नव्हता, हे पहिल्या दहा मिनिटांतच ध्यानात येते.

तरीही आपल्या सुशिक्षित मंडळींत कार्टून हा शब्द उच्चारताच ओठांना मुरड पडते. त्यांच्या माहितीसाठी एक गोष्ट नमूद करतो. चित्रपटकलेला शंभर वर्षे झाल्यानिमित्त १९९५ साली व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कमाध्यम परिषदेने पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. कलेच्या भागात ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'च्या आणि चार्ली चॅप्लिन यांच्या 'मॉडर्न टाइम्स'च्या पंक्तीला 'फँटेशिया' बसवलेला आहे. तेव्हा ज्यांना आमचे मत पुरेसे वाटत नसेल त्यांनी निदान त्या यादीचा मान राखावा.

आणि ज्यांना यादीही नको असेल त्यांनी अखेरची पंधरा मिनिटे पाहावीत. मुसोर्ग्स्कीच्या संगीतावर मध्यरात्री एका डोंगरावर चेर्नाबोग नावाचा अतिविशाल असुर जागा होतो. थडग्यांतून प्रेते उठतात, भुते नाचतात, तो त्यांना तळहातावर खेळवतो आणि आगीत फेकतो. इतक्यात चर्चची घंटा वाजते. पुन्हा वाजते. प्रत्येक ठोक्यासरशी तो डोळ्यांपुढे हात धरून मागे सरतो. मग पहाटेच्या धुक्यातून हाती दिवे घेतलेल्या यात्रेकरूंची रांग चालू लागते आणि शुबर्टचे 'आवे मरिया' सुरू होते. पडद्यावर ना क्रूस, ना माउलीची मूर्ती. फक्त मंदिराच्या कमानींसारखी झुकलेली झाडे आणि त्यांतून संथपणे सरकणारे दिवे. आमच्या वसईच्या धर्मग्रामांत हे गीत लग्नविधीला आणि अंत्यविधीलाही गाइले जाते. आम्ही ते किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. त्या संध्याकाळी मात्र, गीत संपल्यावर, काही क्षण घरात कोणी बोलले नाही.

आता तो प्रश्न. तो आम्हाला सुचला नाही, आमच्या आठ वर्षांच्या नातवाला सुचला. बीथोवनच्या सहाव्या सिंफनीवरील भाग चालू होता. ग्रीक पुराणांतील सेंटॉर, म्हणजे वर माणूस आणि खाली घोडा असे जीव, त्यात बागडत असतात. त्यांच्या स्त्रिया प्रियकरांच्या स्वागतासाठी साजशृंगार करतात. मध्येच नातू म्हणाला, "आजोबा, इथे चित्र एवढं मोठं का झालं?" आम्ही तबकडी मागे नेऊन पुन्हा पाहिले. मुलाचे म्हणणे खरे होते. आजूबाजूच्या दृश्यांत चौकट ऐसपैस आहे. मध्येच काही क्षण ती एकाएकी जवळ ओढल्यासारखी होते आणि चित्र किंचित भरड दिसू लागते. चौकटीच्या खालच्या अंगाला काहीतरी होते आणि ते आपल्याला दिसू नये अशी व्यवस्था केलेली आहे.

काय होते ते ठाऊक असणारे जगात पुष्कळ आहेत, कारण ही गोष्ट गुप्त नाही. तिथे एक काळी मुलगी होती. तिचे नाव सनफ्लॉवर, म्हणजे सूर्यफूल. इतर सेंटॉर स्त्रिया डौलदार आणि उंच. ही ठेंगणी, जाड ओठांची, केसांच्या वेण्या वेड्यावाकड्या उभ्या राहिलेली. गोऱ्या सुंदरीचे खूर घासून चकचकीत करणे आणि तिच्या शेपटीत फुले गुंफणे एवढेच तिचे काम. तिच्यासारखीच आणखी एक काळी मुलगी मद्यदेव बॅकसच्या मिरवणुकीच्या प्रसंगी क्षणभर येत असे. १९४० साली अमेरिकेतील गोऱ्या प्रेक्षकाला हे पाहून हसू येईल अशी चित्रकारांची खात्री होती. १९६३ साली हा भाग दूरचित्रवाणीवर जसाच्या तसा दाखवला गेला, असे डिस्ने कंपनीच्या अभिलेखपालांनी सांगितलेले आहे. १९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. १९६९ साली चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा या दोघींची दृश्ये त्यातून गेली होती. त्यानंतर चित्रपटगृहांत, कॅसेटवर, डीव्हीडीवर, ब्लू-रेवर निघालेल्या प्रत्येक आवृत्तीत त्या नाहीत. पुढच्या आवृत्त्यांत चौकट वाढवून त्यांना बाहेर ठेवण्याची युक्ती वापरली गेली. आमच्या नातवाने पकडली ती हीच.

या चित्रपटाला कात्री नवी नाही. १९४२ साली वितरकांनी दोन तासांहून थोडा अधिक लांबीचा हा चित्रपट ८१ मिनिटांवर आणला आणि बाखची पहिली रचना साफ गाळली. १९४६ साली ती परत आली. १९८२ साली त्याहून विपरीत घडले. स्टोकोव्स्कींचे मूळ वादन जुनाट वाटते म्हणून ते अजिबात काढून टाकले आणि अर्विन कॉस्टल यांच्या संचालनाखाली सारे संगीत नव्याने ध्वनिमुद्रित करून चित्रांना चिकटवले! १९९० साली, पन्नासाव्या वर्षी, कंपनीला आपली चूक उमगली. मूळ निगेटिव्हवरून चित्रपट दुरुस्त करण्यात आला आणि स्टोकोव्स्की परत आले. २००० सालच्या आमच्या संचात तर टेलर यांची लांब प्रास्ताविकेही जागेवर आली. चूक झाली तरी ती मागे घेता येते, याचा दाखला या चित्रपटानेच दिलेला आहे.

परंतु येथेही एक मेख आहे. टेलर यांच्या त्या प्रास्ताविकांची चित्रे सापडली, काहींचा ध्वनी मात्र काळाच्या ओघात नष्ट झाला होता. तेव्हा कोरी बर्टन या आवाजी कलावंताकडून टेलर यांचे सर्वच निवेदन पुन्हा बोलवून घेतले गेले. म्हणजे या तबकडीवर ओठ टेलर यांचे हलतात आणि शब्द दुसऱ्याच माणसाचे ऐकू येतात. ही गोष्ट आम्ही कंपनीच्या पदरात पाप म्हणून घालत नाही. जे नष्ट झाले त्याला इलाज नसतो आणि फुटलेल्या मूर्तीचा हात नव्याने घडवावाच लागतो. मात्र नष्ट झालेले आणि नष्ट केलेले यांत अंतर आहे. टेलर यांचा आवाज काळाने नेला. सूर्यफुलाला माणसांनी नेले.

तिला नेणाऱ्यांची बाजू मांडल्याखेरीज तिच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. १९९१ सालच्या कॅसेटसाठी हा बदल करणारे संपादक जॉन कार्नोकन यांनी, असली चित्रे मुळात काढलीच कशी गेली याचा आपल्याला धक्का बसतो, अशा अर्थाचे उद्गार काढले आहेत. समीक्षक रॉजर ईबर्ट यांचे म्हणणे असे की इतिहासासाठी मूळ चित्रपट जपून ठेवावाच, पण मुख्यतः मुलांसाठी असलेल्या चित्रपटाच्या सार्वजनिक आवृत्तीत वर्णद्वेषी चित्रे फिरवत राहण्याची गरज नाही. ही दोन्ही मते सज्जनांची आहेत. आपल्या वर्णाच्या मुलीला घोड्याचे खूर पुसताना पाहून एखाद्या काळ्या मुलाच्या मनाला जी जखम होईल ती कोणत्याही चित्रपटरसिकाच्या हट्टापेक्षा मोठी आहे, हे आम्हालाही मान्य आहे. चित्रपट पाहताना त्या मुलापुढे ती दृश्ये अचानक यावीत असे आम्ही म्हणत नाही.

आमचा वाद वेगळ्या ठिकाणी आहे. ईबर्ट यांच्या वाक्याचे दोन भाग होते. त्यातला दुसरा कंपनीने उचलला आणि पहिला सोडून दिला. मूळ चित्रपट तिजोरीत असेलही, पण तो प्रौढ वाचकाला, शिक्षकाला, अभ्यासकाला विकत मिळेल अशा कोणत्याही तबकडीवर कंपनीने दिलेला नाही. काही काढले आहे अशी सूचनाही आमच्या संचात चित्रपटाआधी नाही. तीन तबकड्यांपैकी एक केवळ चित्रपट कसा घडला हे सांगण्यासाठी आहे. मग काय गाळले आणि का गाळले हे सांगायला जागा नव्हती, असे कोण म्हणेल?

शिवाय कात्री चालली तीदेखील कशी, पाहा. बॅकसच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या सेविका आजही चालतात. त्यांचे खालचे अंग झेब्र्याचे आहे. त्या सुरेख रेखाटलेल्या आहेत म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. म्हणजे काळ्यांनी सेवा करावी आणि गोऱ्यांनी ती घ्यावी ही व्यवस्था चित्रात कायम आहे. तिचे कुरूप रूप तेवढे गेले. आम्ही तर म्हणू की अपमान होता तो काढून टाकलेला नाही. अपमान करणाऱ्याची लाज तेवढी झाकली आहे.

येथे काही चतुर वाचक विचारतील: तुमच्या या थोर चित्रपटाने बीथोवनला सोडले का? सुमारे चाळीस मिनिटांची सिंफनी छाटून त्यांनी निम्मी केली, स्ट्राविन्स्कीच्या रचनेतील भागांची उलथापालथ केली, आणि तुम्ही दोन मुलींच्या काही सेकंदांसाठी अश्रू ढाळता? प्रश्न बिनतोड दिसतो, पण त्याचे उत्तर सोपे आहे. बीथोवनची सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली, ती जशीच्या तशी आजही वाजते. तिची स्वरलिपी छापील मिळते, ध्वनिमुद्रणे शेकड्यांनी मिळतात. चित्रपटाने तिचा एक अवतार घडवला, मूळ नाहीसे केले नाही. कंपनीने केले ते निराळे. तिने एकच अवतार शिल्लक ठेवला आणि तोच मूळ म्हणून आपल्या हाती दिला.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता, आणि इतरांनी तो चोखाळलेलाही आहे. वॉर्नर ब्रदर्स कंपनीने २००५ साली आपल्या जुन्या कार्टूनपटांचा एक डीव्हीडी संच काढला. त्याच्या आरंभी वूपी गोल्डबर्ग ही कृष्णवर्णीय अभिनेत्री येते आणि प्रेक्षकांना सांगते की यातले काही विनोद तेव्हाही चुकीचे होते आणि आजही चुकीचे आहेत. पण ते गाळणे म्हणजे ते पूर्वग्रह कधी नव्हतेच असे म्हणण्यासारखे होईल. डिस्ने कंपनीलाही हा मार्ग अपरिचित नाही. २००४ साली तिने महायुद्धकाळातील आपले प्रचारपट डीव्हीडीवर काढले तेव्हा लेनर्ड माल्टिन या चित्रपट-इतिहासकाराचे प्रास्ताविक त्यांना जोडले. २०१९ साली तिची इंटरनेटवरील चित्रपटसेवा सुरू झाली तेव्हा 'डंबो'सारख्या जुन्या चित्रपटांना सावधानतेची सूचना जोडण्यात आली आणि २०२० साली ती अधिक स्पष्ट करण्यात आली. जे डंबोच्या कावळ्यांना जमले ते सूर्यफुलाला का जमू नये?

तबकडीविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. डीव्हीडी भाड्याने देणारी दुकाने आमच्या बाजारातून केव्हाच नाहीशी झाली आणि ती गेल्याचे कोणाला दुःखही नाही. सारे काही फोनवर दिसते. पण फोनवर दिसणारा चित्रपट आपला नसतो; तो रातोरात बदलला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. १९७१ सालच्या 'द फ्रेंच कनेक्शन'मधील वर्णद्वेषी शब्द असलेला एक छोटा प्रसंग इंटरनेटवरील प्रतीतून गळाल्याचे २०२३ साली प्रेक्षकांच्या ध्यानात आले, आणि तेही ज्यांनी जुनी प्रत पाहिली होती त्यांच्या. तबकडीवर जे एकदा उमटले ते उमटले. तिच्यावर कात्रीची खूण तरी राहते. ती खूण नसती तर आठ वर्षांच्या मुलाने प्रश्न विचारला नसता.

एवढे वाचून आमचे काही धर्मबंधू म्हणतील की अमेरिकेतील गोऱ्या-काळ्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध? त्यांना आम्ही प्रथम आपल्याच घरात घेऊन जातो. मायकेल अँजेलो यांनी सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर 'अंतिम न्याय' रंगवला तेव्हा त्यातील नग्न देहांवरून मोठा गहजब झाला. ट्रेंट धर्मपरिषदेनंतर, १५६४ साली, ते देह झाकण्याचे ठरले. चित्रकाराचे त्याच वर्षी निधन झाले आणि त्यांचेच स्नेही दानिएले दा व्होल्तेरा यांनी चित्रावर वस्त्रे रंगवली. रोमच्या लोकांनी त्या बिचाऱ्यांना 'चड्ड्या चढवणारा' असे नाव ठेवले. पुढच्या शतकांत आणखी वस्त्रे चढत गेली. मूळ चित्र कसे होते हे जगाला कळते ते मार्चेल्लो व्हेनुस्ती यांनी १५४९ साली केलेल्या एका नकलेवरून, कारण ती आधीच तयार झाली होती. १९९४ साली या भिंतीची स्वच्छता पुरी झाली तेव्हा तज्ज्ञांनी काय केले? मागाहून चढवलेली कित्येक वस्त्रे उतरवली आणि व्होल्तेरा यांची ठेवली, कारण ट्रेंटनंतरच्या निर्णयाची साक्ष म्हणून तीही आता इतिहासाचा भाग झाली आहेत. ख्रिस्तसभेने चित्र दाखवले आणि चित्रावरची आपली कात्रीही दाखवली. हे सारे त्यांनी जगाला सांगून केले.

आणि जे चित्राबाबत केले त्याहून कठीण ते पुढे आचरणात केले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांची जाहीर कबुली दिली: यहुदी लोकांविरुद्धचे अपराध, इतर संस्कृतींविरुद्धचे, स्त्रियांविरुद्धचे. ती पाने इतिहासाच्या पुस्तकांतून गुपचूप फाडून टाका, म्हणजे कोणाचे मन दुखावणार नाही, असे त्यांनी म्हटले नाही. आम्हा श्रद्धावंतांना लहानपणीच शिकवलेले असते की पाप सांगितल्यावाचून क्षमा नाही. पाप न सांगता नुसते चांगले वागू लागणे हे सभ्यपणाचे लक्षण असेल, त्याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत. ज्या वर्षी महामंदिरात ही कबुली झाली त्याच वर्षी आमच्या खोक्यातली तबकडीही निघाली. एकीने सांगितले, दुसरीने झाकले.

इथवर दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे होते. आता आमचा.

२०११ साली आमच्या धर्मग्रामाची महोत्सवी स्मरणिका निघाली. तिच्या संपादक मंडळावर आम्ही होतो. एका घरातून १९५०च्या दशकातील एक छायाचित्र आले. संध्याकाळची, फातिमा मातेची मिरवणूक. मध्ये फुलांनी सजवलेली मूर्ती, मागे मेणबत्त्या घेतलेल्या बायका, पुढे धर्मगुरू आणि बँडवाले. आणि दोन्ही कडांना, ओळीने, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेले आठ-दहा पुरुष. कमरेला लंगोटी, अंग उघडे, पाय अनवाणी. वाड्यांवर राबणारे आदिवासी शेतमजूर होते ते. त्या रात्रीपुरते मजुरीवर आणलेले. साऱ्या मिरवणुकीत छायाचित्र काढण्याइतका उजेड होता तो त्यांच्या डोक्यांवर होता.

मंडळाच्या बैठकीत चर्चा झाली. एक जण म्हणाले, हे आजच्या पिढीला बरे दिसणार नाही. दुसरे म्हणाले, आता आदिवासी मुले शिकली आहेत, हे पाहून त्यांना वाईट वाटेल. तिसरे म्हणाले, नाहीतरी ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते. आम्ही काहीच म्हणालो नाही. आम्ही पेन्सिल घेतली आणि छापखान्यासाठी छायाचित्रावर दोन उभ्या रेघा मारल्या. स्मरणिकेत ते पानभर छापले गेले. माता, धर्मगुरू, बँड, मेणबत्त्या. पाहणाऱ्याला वाटावे की तेवढा उजेड त्या मेणबत्त्यांचाच होता.

चौदा-पंधरा वर्षे आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्यांचे मन राखायचे त्यांना आम्ही विचारले नव्हते. त्यांच्या मुलांना वाईट वाटेल म्हणून आम्ही त्यांच्या बापांना काढले आणि आपल्या बापांची लाज वाचली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पडद्यावर दिव्यांची ती रांग धुक्यातून सरकू लागली तेव्हा आमच्या मनात ते छायाचित्र आले, आणि 'आवे मरिया' संपेपर्यंत गेले नाही.

म्हणून आम्ही डिस्ने कंपनीकडे जे मागतो तेच आधी स्वतःकडे मागतो. कंपनीने पुढच्या आवृत्तीत मुलांसाठी वेगळी प्रत ठेवावी, त्याला आमची हरकत नाही. पण त्याच संचात १९४० सालचा चित्रपटही द्यावा, आधी एखाद्या जाणत्या कृष्णवर्णीय अभ्यासकाला बोलू द्यावे आणि मग प्रेक्षकाला पाहू द्यावे. टेलर यांचा आवाज कोणाचा आहे हेही वेष्टनावर लिहावे. आमच्या मराठी लेखाने ती कंपनी हलेल असा आमचा भ्रम नाही. आमच्या हातात आहे ते आम्ही करतो आहोत. ज्या घरातून ते छायाचित्र आले होते तिथे आम्ही परवा जाऊन आलो. मूळ प्रत त्यांनी जपून ठेवली आहे आणि ती त्यांनी आम्हाला पुन्हा दिली आहे. या त्रैमासिकाच्या संपादकांना आमची विनंती आहे की त्यांनी ती पुढील अंकात कडांसह छापावी, आणि खाली ती पूर्वी कोणी व का कापली हेही छापावे. आमचे नाव घालावे.

एक गोष्ट मात्र आमच्याने होण्यासारखी नाही. चित्रपटातल्या त्या मुलीला निदान नाव होते. आमच्या छायाचित्रातील मातेची मूर्ती वाहणाऱ्या चौघांची नावे मागच्या बाजूस शाईने लिहिलेली आहेत, धर्मगुरूंचे आहे, बँडमास्तरांचेही आहे. गॅसबत्त्या वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाही. उजव्या कडेचा, सर्वांत उंच, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारा एक तरुण आहे. आज हयात असला तर त्याचे वय नव्वदीच्या घरात असेल. त्याला किंवा त्यांच्यापैकी कोणालाही ओळखणारे कोणी वाचकांत, किंवा वाचकांच्या वाड्यांवर काम करणाऱ्यांत असतील, तर त्यांनी संपादकांकडे कळवावे. छायाचित्र छापण्यापूर्वी त्यांच्या घरच्यांना ते दाखवायचे आहे. या वेळी आधी त्यांना विचारायचे आहे.